न्यूरेंबर्गच्या पुलावर मारलेली हाक

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी दाखवून द्यायला नको. अकरा वर्षांपूर्वी जर्मनीत, भर दुपारी, एका दगडी पुलाच्या तोंडाशी उभी राहून मी जनावरं बोलवायची हाक मारली. पुढ्यात एक मेंढरू नव्हतं, मागं एक माणूस नव्हता. नुसती गंमत. पुढच्या मिनिटाभरात एका भल्या माणसाच्या सहा बरगड्या मोडल्या, आणि माझी चार वर्षांची नात वाचली ती त्या माणसामुळं. ते माझ्या हाकेनं झालं की नाही... एवढंच मला विचारायचं आहे.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. आता एकोणसत्तर पूर्ण झालीत, गुडघे गेले, आणि अक्कल नुकती कुठं यायला लागली आहे.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी राहते बसवकल्याणला, माहेर आळंद तालुक्यातलं खजुरी. आमच्या भागात भानामतीच्या कहाण्या घरोघरी. कुणाच्या पाठीवर फुल्या उठतात, कुणाच्या पत्र्यावर दगड पडतात. मी हसायची. एकदा चौकात कुणीतरी उतरून टाकलेलं लिंबू मी उचलून आणलं, जावेला त्याचं सरबत पाजलं, आणि ग्लास रिकामा झाल्यावर सांगितलं. ती भीतीनं तीन दिवस अंथरुणाला खिळली. मी तीन दिवस हसले — आणि तिच्या वाटणीच्या भाकरी थापल्या, तेही सांगते.

आता हाकेबद्दल. आम्ही धनगर. आज घरात मेंढरू औषधाला नाही, पोरं नोकरीला लागली. पण माझ्या लहानपणी अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, मोठा कळप होता. उन्हाळ्यात आम्ही अफजलपूरच्या पलीकडं जायचो, भीमा ओलांडून. कळप पुलावरून न्यायचा तर एक माणूस पुढं हाक मारत चालतो, बाकीचे मागून हाकतात. अप्पांची बोलवायची हाक एकच, मेंढराला तीच आणि बैलालाही तीच. आणि त्यांचा नियमही एकच — पुलावर मागल्या माणसाचा आवाज आल्याशिवाय पुढल्यानं तोंड उघडायचं नाही. कारण पुलाला बाजू नसते. जनावर सुटलं तर सरकायला जागा नाही.

हा नियम मला कुणी शिकवला नाही, मी तो बघितला. मी दहा वर्षांची असेन. त्या दिवशी पुढं काका होते. मागची तयारी व्हायच्या आत त्यांनी हाक मारली, तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला. सगळा कळप एकदम सुटला. काका कठड्यावर दाबले गेले, जबडा दोन ठिकाणी मोडला. तीन कोकरं तुडवून अशी झाली की उचलताना फडक्यासारखी लोंबत होती. अप्पा पळाले नाहीत. वाटेत पाय रोवून उभे राहिले, काठी फरशीवर आडवी आपटत राहिले आणि थांबायची हाक देत राहिले. कळप त्यांच्या दोन्ही अंगांनी फुटून गेला. काकांनी मात्र पुढं आयुष्यभर भाकर दुधात कालवून खाल्ली.

एवढं बघितलेली बाई मी. आणि तरी.

तर — जर्मनी. माझी मुलगी सुरेखा तिथं न्यूरेंबर्गला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तिच्या मुलीच्या, मिनूच्या, बालवाडीला आठवडाभर सुट्टी होती, जावई कामानिमित्त दुसऱ्या गावी, म्हणून मी दिवसभर नातीला सांभाळत होते. घरात बसून कंटाळले. सुरेखाला म्हणाले, मी पोरीला घेऊन जुनं गाव बघून येते.

"माय, तिचा हात सोडू नको हां. इथं सायकलवाले अंगावर येतेत."

"तुला कधी हरवले का मी?"

"बसस्टँडावर इसरलीस दोनदा."

"एकदाच इसरले. दुसऱ्यांदा मुद्दाम ठेवले होते, लई रडायली होतीस."

सुरेखा हसली नाही. "हात सोडू नको," परत म्हणाली आणि कामावर गेली.

ऑक्टोबरचा महिना, ऊन कोवळं. नऊवारीवर स्वेटर, पायात जावयाचे स्पोर्ट शूज, हातात लांब दांड्याची छत्री. अशी मी मेट्रोतून वर आले ती लोरेन्झ चर्चसमोरच. दोन मनोरे, एवढे उंच की बघताना डोक्यावरचा पदर पडला. तिथून उतारानं चालत गेलो. सगळा रस्ता दगडी, गाड्या नाहीत, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची उंच घरं. सुरेखानं सांगितलं होतं की लढाईत हे गाव वरून बॉम्ब टाकून जवळजवळ सपाट केलं होतं, मग त्यांनी दगड वेचून परत होतं तसं उभं केलं. आमच्या बसवकल्याणच्या किल्ल्यात बुरुजावर बाभळी उगवल्या, इथं बुरुजाखाली फुलांच्या कुंड्या. मला जरा रागच आला.

बारा वाजता मोठ्या बाजारचौकात पोचलो. तिथल्या चर्चच्या घड्याळातून बाहुले बाहेर येतात आणि राजाभोवती फेऱ्या मारतात. मिनूला ते आवडलं. चौकातल्या कारंज्याच्या जाळीत एक पितळी कडं आहे, ते फिरवलं की इच्छा पुरी होते म्हणे. मी विश्वास नसताना तीनदा फिरवलं. फुकट होतं.

मग परतताना, आलो तो सोडून, नदीवरच्या दुसऱ्या पुलानं निघालो. त्याचं नाव मांसाचा पूल. खरंच तेच नाव आहे. जुन्या काळी शेजारी कत्तलखाना होता. पुलाच्या बाजाराकडच्या टोकाला एक कमान आहे आणि कमानीवर दगडाचा बैल बसलेला आहे, चांगला धष्टपुष्ट. खाली काहीतरी कोरलंय, त्याचा अर्थ सुरेखानं आधीच सांगितला होता — बाकी सगळं लहानाचं मोठं होतं, पण हा बैल कधी वासरू नव्हताच. मी म्हणाले होते, तुझ्या नवऱ्यासारखाच.

कमानीतून पुलाच्या अंगाला आलं की एका म्हाताऱ्याची गाडी होती, साखरेत भाजलेल्या बदामांची. पांढरा ॲप्रन, गाल लाल. मिनूला त्यानं एक बदाम तसाच दिला. मी पैसे काढायला लागले तर हातानंच राहू दे म्हणाला.

"अज्जी, तो बैल झोपलाय?" मिनूनं विचारलं.

"बसून रवंथ करायलाय."

"उठव ना त्याला."

"थांब, उठवते."

पण ती कुठली थांबते. पुलाच्या मध्यावर गेली आणि कठड्याच्या भोकातून खालची बदकं बघत बसली. आमच्यात वीस-पंचवीस पावलं असतील. हात सोडला होता मी. व्हय, सोडला होता.

आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची शहाणी, पुलाकडे पाठ करून, छत्री बगलेत धरून, बैलाकडे तोंड वर करून अप्पांची हाक मारली. पोटातून. पुढल्या माणसाची. चाळीस वर्षांत मारली नव्हती, तरी अशी निघाली की घरांच्या भिंतींवर आपटून परत आली. कोपऱ्यावरची दोन पोरं हसली. मीही हसले.

पहिला आवाज कानांत नाही आला, पायांत आला. ज्यानं कळप पुलावर नेलाय त्याला हे माहीत असतं. दगड आधी बोलतो. जावयाच्या जाड तळव्यांच्या बुटांतून ती थरथर माझ्या पोटऱ्यांत चढली. मी वळले.

पूल रिकामा होता. एक सायकलवाला सायकल कठड्याला टेकवून फोनवर बोलत होता, आणि मध्यावर मिनू. आणि तो बदामवाला... तो मिनूपाशी पोचलेला होता. त्यानं तिला कठड्याच्या कोपऱ्यात दाबलं, स्वतः तिच्यावर ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. मला वाटलं हा माझ्या पोरीला काय करतोय. शिवी तोंडात आली होती माझ्या, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात त्याच्या पाठीवर पहिला दणका बसला.

मी काही बघितलं नाही. हे नीट वाचा — मला जनावर दिसलं नाही, शेपूट नाही, शिंग नाही. मला तो माणूस दिसत होता आणि त्याच्यावर जे होत होतं ते दिसत होतं. त्याचं तोंड कठड्याच्या दगडावर आपटलं आणि रक्त उडालं. पाठीवरचा शर्ट खालून वर फाटत गेला, मागोमाग कातडी उघडली, वीतभर. त्याचं सगळं अंग उजवीकडे फेकलं गेलं, हात मात्र सुटले नाहीत. मग डावीकडून. मग वरून. बरगड्या मोडताना ओल्या फांदीसारखा आवाज येतो, तो मी मोजला नाही, पण एकापेक्षा जास्त वेळा ऐकला. सायकल जमिनीपासून हातभर उचलली गेली आणि पडायच्या आत दुमडली. सायकलवाला कठड्याला चिकटून किंचाळत होता. त्या म्हाताऱ्याच्या पायाची नडगी माझ्या डोळ्यांदेखत वाकली — नडगी वाकायची वस्तू नाही. आणि त्याच्याखाली माझी मिनू होती, तिची एक लाल चप्पल तेवढी दिसत होती.

मी धावले. पुलाच्या मध्याकडे, त्या थरथरीच्या तोंडावर. त्या दोघांच्या पुढ्यात उभी राहिले, छत्री आडवी धरून फरशीवर आपटायला लागले आणि थांबायची हाक द्यायला लागले. आवाज फुटेना, दोनदा नुसती हवा निघाली. तिसऱ्यांदा निघाला. त्याच वेळी डाव्या हातावर घणासारखं काहीतरी बसलं आणि कोपराखालचा हात लोंबायला लागला. छातीत लाथ बसली. मी बसकण मारली, पण छत्री आपटायची सोडली नाही. दांडा मोडला तर राहिलेला तुकडा आपटला. तोंडावर गरम, ओला श्वास. एकाचा नाही, पुष्कळांचा. चघळलेल्या गवताचा वास, शेणाचा वास, आणि त्याच्या आत रक्ताचा. ते माझ्या दोन्ही अंगांनी गेले, लुगडं दोन्हीकडून फाटत. मागं बदामाची गाडी फुटल्याचा आवाज आला, आणि मग कमानीपाशी सगळं संपलं. एकदम. बदाम उतारानं घरंगळत होते, तेवढाच आवाज राहिला.

"अज्जी," मिनू म्हणाली, "हे आजोबा उठत नाहीत."

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. केस मात्र त्याच्या रक्तानं चिकटले होते. त्याची बोटं कठड्यावरून काढायला तिथल्या लोकांना एकेक सोडवावी लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. पोलीस आले. सायकलवाल्यानं सांगितलं की कुणीच नव्हतं, आणि त्या माणसाला चारी बाजूंनी कुणीतरी मारत होतं. दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या गेल्या. दवाखान्यात माझ्या छातीवरचा काळानिळा वण बघून डॉक्टरीण बाई थबकली. ती शेतकऱ्याच्या घरची. सुरेखाला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मी सुरेखाला विचारलं,

"काय म्हणायली?"

"इचारायली की कोणत्या गोठ्यात गेली होतीस."

वण दोन फाकांचा होता. मधून चिरलेला. असला वण गावाकडं कुणालाही दाखवा, सांगेल कशाचा ते.

घरी आल्यावर सुरेखानं मिनूला तीनदा अंघोळ घातली. मग माझ्यासमोर बसली.

"एवढंच सांग. हात सोडलीस का न्हाई?"

"सोडले."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, ब्लाउजच्या हुका लावून द्यायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मीच हाकेचं सांगितलं. काका, भीमेचा पूल, सगळं. ती ऐकत राहिली, मग लॅपटॉप उघडला. हंगेरीपासून हजारो बैल पायी चालवत या गावात आणायचे आणि त्या पुलाशेजारी कापायचे, असं त्यात निघालं. तिनं लॅपटॉप मिटला.

"शेकडो वर्षं झाली त्याला, माय. आता तिथं लोक आईस्क्रीम खातेत. तुझ्या ओरडण्यानं काय व्हतंय?"

"मग त्या माणसाला कोण तुडवलं?"

"मला न्हाई माहीत."

मला झोप नव्हती. डोळे मिटले की ती नडगी वाकायची. मी मारलेल्या हाकेनं एक परका माणूस मोडला, आणि त्याच माणसानं माझी नात अंगाखाली घेतली. हे त्याला माहीतच नाही. तो मला चांगली बाई समजत असणार, जिची नात त्यानं वाचवली. हे मला सहन होईना. बाराव्या दिवशी मी सुरेखाला म्हणाले, मला त्याला सांगायचंय.

"काय सांगणार? की मी हाक मारले आणि मेलेले बैल आले? मी असलं जर्मनमधी बोलणार न्हाई. लोक मला येड्यात काढतेल."

"नको बोलू. मी वॉर्डात उभी राहून तीच हाक मारते. त्याला कळंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मारीन, हे तिला माहीत होतं.

"चप्पल घाल," म्हणाली.

तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. बरगडीच्या बाजूला नळी, पाय वर टांगलेला, पुढचे दोन दात गेलेले, एक डोळा अजून बंद. बायको शेजारी विणत बसली होती. मला ओळखून त्यानं आधी मिनूची चौकशी केली. मी त्याच्या पायांना हात लावायला गेले तर पाय वर टांगलेला, म्हणून पलंगाच्या दांडीलाच लावला. मग मी मराठीत बोलत गेले, त्याच्याकडे बघत. सुरेखा जर्मनमध्ये सांगत गेली, फरशीकडे बघत. सगळं सांगितलं. पुढल्या माणसाची हाक म्हणजे काय ते, नियम काय ते, आणि तो मी मोडला ते. हे तुमचं जे झालं ते माझ्यामुळं, असं शेवटी म्हणाले, आणि हात जोडायला गेले तर एक हात प्लास्टरमध्ये.

त्याच्या बायकोच्या सुया थांबल्या होत्या. त्यानं पाणी मागितलं, नळीनं प्यायला. मग बोलला. हळू, मधे श्वास घेत, चार-पाच वाक्यं. बायकोनं त्याच्याकडे चमकून बघितलं, म्हणजे तिलाही हे त्यानं सांगितलेलं नव्हतं. सुरेखानं भाषांतर केलं नाही.

"काय म्हणला?"

"थांब, माय." तिनं त्याला काहीतरी परत विचारलं. त्यानं मान हलवली आणि तेच परत सांगितलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी काही ना काही सुचवलं — जमिनीखालून मेट्रो जाते तिचा हादरा, वावटळ, त्याला फिट आली असेल, मला चक्कर आली असेल. हादऱ्यानं खुराचा वण उठत नाही, एवढंच मी म्हणते. पुढं तो बरा झाला, काठी घेऊन चालायला लागला, पण गाडी त्या पुलापाशी परत लावली नाही असं सुरेखा सांगते. त्यानंतर मी ती हाक कुठंच मारलेली नाही, घरच्या अंगणात शेळीलासुद्धा नाही.  तुमच्यापैकी कुणाजवळ उत्तर असेल तर जरूर लिहा, पण त्याचं बोलणं नीट वाचून मग लिहा. सुरेखानं दवाखान्याच्या जिन्यात मला ते दोनदा सांगितलं, शब्द न बदलता:

"बाई, तुम्ही ओरडायच्या आधीच मी गाडी सोडून मुलीकडे पळत सुटलो होतो. ते तेव्हाच पुलावर चढले होते. मी तुम्हाला बोलवत होतो, पण तुमची पाठ होती आमच्याकडे."